घोडा नसलेलं बेट

माथेरानला मी सहा वर्षं एका हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे आणि एवढ्या काळात किती हनीमूनवाल्यांच्या हातात खोलीची किल्ली ठेवली असेल, ते देवालाच ठाऊक. हनीमूनवाले लांबूनच ओळखू येतात. नवरी घोड्यावर बसून आलेली असते, हातात कोपरापर्यंत बांगड्या, पांढऱ्या बुटांवर लाल मातीचा थर, आणि कंबर मोडली तरी हसत असते. मीही हसून रजिस्टर पुढे सरकवायचे आणि मनात म्हणायचे, थांबा, माझाही दिवस येईल. एकदा, फक्त एकदाच, मला त्या काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायचं होतं. कोणीतरी मला किल्ली द्यावी, कोणीतरी विचारावं, मॅडम, प्रवास कसा झाला? यापेक्षा मोठी हौस मला जन्मात दुसरी नव्हती.

नवराही तिथलाच मिळाला. दस्तुरीला गाड्या थांबतात आणि पुढे पायी किंवा घोड्यावर, तिथे तो आपले दोन घोडे घेऊन उभा असायचा. पाहुणे आमच्या दारात उतरवायचा आणि उगाच पाणी मागत काउंटरपाशी रेंगाळायचा. लग्न ठरलं तेव्हा मी त्याला सांगून टाकलं, "बाकी काही नको. दागिने नकोत, फोटोवाला नको. मला समुद्रात मधोमध एक बेट पाहिजे, आणि त्यावर आपण दोघं."

तो म्हणाला, "कुठं पण चल. पण घोडा नको. घोड्याचा वास नको, लीद नको, 'भैया, ये काटता है क्या?' नको. जिथं घोडा नाय, तिथं मी यायला तयार."

एवढी साधी अट! मला वाटलं, जगात घोडा नसलेली बेटं काय कमी आहेत?

पहिला खो सुट्टीने घातला. आमचं हॉटेल पावसात पंधरा दिवस डागडुजीसाठी बंद असतं. वर्षातली सलग रजा ती तेवढीच, आणि घोड्यांनाही तेव्हाच उसंत. पण पावसात आपल्याकडच्या बेटांवर जाऊन करायचं काय? बोटी बंद, समुद्र खवळलेला. पाऊसच बघायचा तर आमच्याकडे जुलैत ढग न विचारता खोलीत शिरतात. मग एका गेस्टनेच सांगितलं की इंडोनेशियात जुलै म्हणजे कोरडं, स्वच्छ ऊन. झालं! माझ्या डोक्यात दुसरं काही राहीचना.

सकाळचे पाहुणे निघून गेले आणि नवे यायचे असले की मधे तासभर काउंटर सुनं असतं. महिनाभर तो तास मी बेटं पाहण्यात घालवला. आणि मला फसवणं सोपं नव्हतं, कारण फसवण्याचं काम आम्हीच करतो ना! 'व्हॅली व्ह्यू' म्हणजे पाण्याच्या टाकीच्या बाजूने मान तिरकी केली की दरी दिसते, हे मला कोणी सांगायला नको. खोलीचे सहा फोटो आणि एकातही खिडकी नाही? म्हणजे खिडकीसमोर शेजारची भिंत. टॉवेलचा हंस सगळ्या फोटोंत एकच? म्हणजे खोली एकच सजवली आणि बाकीच्या तशाच. एका बेटावर 'एकांत' लिहिलं होतं आणि खाली एक बाई तक्रार करत होती की शेजारच्या खोलीतलं घोरणं ऐकू येतं. वा रे एकांत! असली पंचवीसएक बेटं मी बुडवली.

आणि मग ते सापडलं. एवढंसं बेट, तासाभरात पायी फेरी पूर्ण. बांबूच्या मोजून आठ झोपड्या, दोन झोपड्यांच्या मधे नारळांची दाट रांग, पायरी उतरली की पाणी. तक्रारी वाचल्या, तर लोक म्हणत होते की इथे करायला काहीच नाही. अगं बाई, तेच तर पाहिजे! आणि सगळ्यात खाली एक ओळ, बेटावर एकही मोटार नाही, हॉर्न नाही, धूर नाही. मी खुर्चीतून अशी उठले की पेनाचा डबा खाली सांडला. दस्तुरीला फोन लावला आणि ओरडले, "सापडलं! सापडलं रे!" त्याला वाटलं, घोडा सुटला होता तो सापडला.

त्याच आठवड्यात बुकिंग झालं. खालापुरात तहसील कचेरीबाहेर माझ्या वडलांचं झेरॉक्सचं दुकान आहे. आयुष्यभर लोकांचे सातबारे आणि दाखले छापणाऱ्या माणसाने लेकीची विमानाची तिकिटं रंगीत छापली, दोन प्रती काढल्या आणि एकीला प्लास्टिक चढवलं. दुकानात येईल त्याला दाखवत होते. मला लाज वाटली आणि मजाही तेवढीच वाटली.

आठ दिवसांनी तो चहाच्या टपरीवर माझ्या फोनमध्ये फोटो बघत बसला होता. एका फोटोवर त्याचं बोट थांबलं.

"ए," तो म्हणाला, "हे काय आहे?"

बेटाच्या धक्क्याचा फोटो. बोटीतून पाहुणे उतरतायत आणि समोर रांगेत तीन घोडागाड्या. घोड्यांच्या डोक्यावर लाल तुरे, गळ्यात घुंगरं.

मी डोक्याला हात लावला. गाड्या नाहीत म्हणजे सामान वाहायला घोडे असणारच, हे पृथ्वीतलावर कोणाला कळायला हवं होतं तर मला! सहा वर्षं मी दुसरं काय बघतेय? अख्खं जग सोडून, विमानाने समुद्र ओलांडून, मी माथेरानच बुक केलं होतं! मला रडू येईल असं वाटत होतं आणि येत होतं हसू. मी म्हटलं, "चिडलास का रे?"

त्याने फोटो बोटांनी मोठा केला. निरखून पाहिला. मग म्हणाला, "डावीकडच्याची नाल सैल झालीय." आणि आम्ही दोघं एवढे हसलो की टपरीवाल्याने चहा ओतायचा थांबवला.

घोड्यांवरून काही अडलं नाही. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

लग्न वैशाखात झालं, ऐन सीझनमध्ये, चार दिवसांत दोघंही पुन्हा कामावर. पोशीरला सासरी राहायचं आणि रोज नेरळवरून टॅक्सीने वर जायचं. जूनमध्ये एका सकाळी मी सासूबाईंना हौसेने तारखा सांगितल्या. सासूबाईंनी माथेरानच्या हॉटेलांत हाउसकीपिंगमध्ये उमेदीची वर्षं घालवली, गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेल्या आणि बोट ठेवलं.

"आखाड हाय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात सुनेने माहेरी जायचं असतं. सासूने सुनेचं तोंड बघायचं नाही. नवऱ्याला सोडून महिना काढायचा. आणि मी? हॉटेलच्या कॉम्प्युटरवर फक्त जुलै बघितला होता! सीझन आणि ऑफ सीझन, याच्या पलीकडे मला महिनेच उरले नव्हते. बरं, पुढे ढकलावं तर रजा तेवढीच, आणि तिकिटं परत होणारी नव्हती. त्यात ते लावणीचे दिवस. घरचा हाताशी आलेला मुलगा लावणी सोडून बायकोला घेऊन परदेशात, भावकी काय म्हणेल?

मी कसंबसं म्हटलं, "आई, मग रद्द करू का?"

त्या तांदूळ निवडायला बसल्या. तो दिवस मी काउंटरवर कसा काढला ते माझं मला माहीत. त्या दिवशीही एक जोडपं आलं. मी किल्ली दिली, हसले, आणि ती दोघं वळल्यावर स्टोअररूममध्ये जाऊन डोळे पुसले. मला राग आला होता, सासूबाईंचा नाही, माझ्याच नशिबाचा. काउंटरची ती बाजू काही माझ्यासाठी नव्हतीच, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना त्यांनी ओटीवरून हाक मारली.

"ए पोरी. तिथं चादरी कोन घालतं गं?"

मला कळेना. "त्यांची माणसं असतील, आई."

"तू नाय ना घालायची?"

"मी कशाला घालू? मी गेस्ट असणार ना."

त्या ओटीच्या कडेला टेकल्या. "माजं लगीन झालं आन तिसऱ्या दिवशी मी वर गेले कामाला. पयलीच खोली हनीमूनवाल्यांची. पांढरी चादर, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या. मीच टाकल्या. हातावरची हळद गेली नव्हती, ती चादरीला लागंल म्हनून भ्या वाटत होतं. कोनी नव्हतं खोलीत. म्हटलं, बसून बघू एकदा, कशी लागते." मग नुसतीच मान हलवली. "नाय बसले."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. 

"आता ऐक," त्या एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या. "आखाडात सासूनं सुनंचं तोंड बघायचं नाय. एवढंच हाय. नवऱ्याचं बघू नको असं आमच्या घरात कोनी सांगितलेलं नाय. त्या बेटावरनं माजं तोंड दिसतंय काय?"

"नाही, आई."

"मग जा. येताना सरळ खालापूरला उतर, आखाड संपला की हितं. आन फोनवर ते तोंड दाखवायचं करू नको, नुसतं बोल. लावणीला वाडीवरच्या बाया सांगितल्यात मी." मी अंगणात उतरले होते तर मागून परत, "आन चादर तू घालायची नाय. हात लावायचा नाय. सांगून ठेवते."

मी नेरळपर्यंत रिक्षात गाणं म्हणत गेले. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे!

बेट फोटोतल्यासारखंच निघालं, हे मी धंद्यातली बाई म्हणून शपथेवर सांगते. धक्क्यावर उतरलो, तर हा माणूस सामान सोडून आधी घोड्यापाशी. घोड्याच्या मानेवर थाप मारली, पाय उचलून नाल बघितली. गाडीवाल्याची भाषा याला येईना, याची त्याला येईना, पण दोघं दहा मिनिटं खुराबद्दल बोलत होते. मी म्हटलं, "अरे, आपण पाहुणे आहोत!" शेवटी मीच ओढून नेलं.

काउंटरमागे माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिने हसून किल्ली पुढे केली आणि विचारलं, प्रवास कसा झाला? रोज मी विचारते तो प्रश्न. मी नुसती मान डोलावली, आणि तिचं हसू खरं आहे की कामाचं, ते मुद्दाम पाहिलं नाही.

सकाळी जाग आली तर समोर समुद्र, ऊन पार पलंगापर्यंत. मी उठले आणि माझा हात आपोआप चादरीच्या कोपऱ्याकडे गेला, ताठ ओढायला. दारातून तो ओरडला, "ए! आई काय म्हणाली होती?"

मी हात मागे घेतला. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या पलंगाचा फोटो काढला आणि सासूबाईंना पाठवून दिला. पाठवल्यावर ध्यानात आलं की मी काय पाठवलंय. हनीमूनच्या सकाळचा चुरगळलेला पलंग, तोही सासूला! पुसायला गेले, तोवर त्यांनी बघितलाही होता आणि फोन वाजायला लागला होता.

लाजेने माझे कान तापले. "आई, ते... चुकून..."

"लय चुरगाळलीय गं," त्या म्हणाल्या. मागे पावसाचा आवाज होता, शेतावर निघाल्या असाव्यात.

"हो, आई."

"ऱ्हाऊ दे तशीच. बारापर्यंत कोनाला हात लावू देऊ नको." मग हळू आवाजात, "मऊ हाय का गं?"

"हो आई. खूप मऊ आहे."

"मग बस की," त्या म्हणाल्या. "उभी का ऱ्हायलीस?"

मी बसले.