जाळायचा राहिलेला पुतळा

हेमांगीचं दुकान रेवदंड्यातलं, पण रेवदंड्यातल्या एकाही माणसानं त्याची पायरी चढलेली नव्हती. चढणार कुठून? दुकान होतं कॉम्प्युटरच्या आत. तिकडे एक आख्खं जग वसवलेलं आहे. देशोदेशीचे लोक आपापला बाहुला घेऊन त्यात फिरतात, घरं बांधतात, लग्नंसुद्धा लावतात, आणि बाहुल्याला उघडं कसं ठेवायचं म्हणून कपडेही विकत घेतात. हे कपडे शिवणारी एक बाई कोळीवाड्यात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या माळ्याशेजारच्या खोलीत बसते, हे त्या लोकांच्या गावीही नव्हतं.

आधी ती वाड्यातल्या बायांचे ब्लाउज शिवायची. हात चांगला, पण नजर चुकार, सारखी फोनकडे. त्या फोनवरच तिला हे जग सापडलं आणि मग लॅपटॉप आला. सासूच्या चौकटीच्या लुगड्याचा फोटो काढायचा, पडद्यावर तो कापायचा, जोडायचा, बाहुलीला कासोटा घालून नेसवायचा. कासोट्याला तिकडच्या बाया अशा भुलल्या की विचारू नका. दुकानाचं नाव तिनं ठेवलं ‘खाडीकाठ’. तिचा नवरा गणराज मात्र हसायचा. "माझी बायको अंगाला न लागणारे कपडे विकते," असं तो अख्ख्या धक्क्यावर सांगायचा. पण सांगताना छाती फुगवायचा.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या. गणराजची होडी परत आली, गणराज आला नाही. जाळं ओढायला मागच्या बाजूला गेला होता म्हणे, नंतर कुणीच त्याला पाहिलं नाही. शोधाशोध झाली, पण अंग काही मिळालं नाही.

दर्यानं अंग परत दिलं नाही तर काय करायचं, हे वाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. दर्भाचा माणूस करायचा, गेलेल्याचे कपडे त्याला घालायचे आणि खाडीवर त्यालाच अग्नी द्यायचा. मग गेलेला सुटतो. गणराजची आई वेणूबाई तेच म्हणत होती. हेमांगी ऐकेना. अंग दिसल्याशिवाय मी कुंकू पुसणार नाही, आणि गवत जाळून मला कुणी विधवा करू नका, असं तिनं दिराला, चिरागला, तोंडावर सांगितलं. वेणूबाई रोज जेवताना मुलाचं ताट वाढून ठेवायची, आणि ते कुणी उचललेलं तिला चालायचं नाही.

आता ऐका हेमांगीनं काय केलं ते. फोनमधले गणराजचे सगळे फोटो तिनं काढले आणि दुकानासाठी त्याचा पुतळा घडवला. भुवईवरची गळ लागल्याची खूण, जरासा पुढे आलेला डावा खांदा, सगळं हुबेहूब. त्याच्या कमरेला लाल चौकटीचा कोळी रुमाल नेसवला, जाकीट चढवलं, टोपी घातली आणि दारात उभा केला. पुरुषांचे कपडे दाखवायला मॉडेल लागतोच, असं तिनं स्वतःला समजावलं. पण सकाळी चहाचा कप घेऊन ती आधी त्याच्यासमोर जाऊन बसायची.

एकदा वेणूबाईनं मागून येऊन पडद्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पुतला केलास त जालाया लागतो, गो," ती म्हणाली. "तसाच ठेवलास त त्याला सुटका नाय."

"आई, तो कॉम्प्युटरमधला आहे."

"असंल. पन चेहरा माजे पोराचा हाय."

बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात म्हणतात. इथे उलटंच झालं. मुका गणराज दारात उभा राहिला आणि दुकान धो धो चाललं. लोक कपड्यांबरोबर पुतळाच मागू लागले. शेजारच्या जागेत मृणाल नावाची पुण्याची मुलगी चपला विकायची. ती म्हणाली, "ताई, देऊन टाक ना कपड्यांसकट. नुसती नक्कल तर काढायची." हेमांगीनं आधी नाही म्हटलं. मग तिला वाटलं, का नको? एका दर्यात हरवलेला माणूस शेकडो घरांत उभा राहील, एवढ्या ठिकाणी असलेल्याला गेला कोण म्हणेल? या विचारानं तिला इतकं बरं वाटलं की तिनं त्याच दुपारी तो विकायला लावला. दुकानाचे एकाचे तीन मजले झाले.

पहिल्यांदा ती थबकली ती एका टळटळीत दुपारी. दुकानाच्या मागे पाणी होतं. पाणी कसलं, सजावटीला घातलेला निळा रंग. गणराज दारात रस्त्याकडे तोंड करून उभा असायचा. त्या दुपारी तो पाण्याकडे तोंड करून उभा होता. तिनं त्याला फिरवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर पुन्हा पाण्याकडे. तिला वाटलं, मृणालचा चावटपणा.

"अगं, तुझ्या दुकानातली टाचणीसुद्धा मला हलवता येत नाही," मृणाल म्हणाली. "तुझा पासवर्ड लागतो त्याला."

मग त्याचे पाय ओले दिसू लागले. रुमालाचा काठ काळपट, अंगाला चिकटलेला. हेमांगीनं ओला कपडा कधी केलाच नव्हता, तो कसा करतात तेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं कोरडा रुमाल नेसवला. संध्याकाळी तोही ओला, आणि ओल गुडघ्यापर्यंत आलेली. गिऱ्हाइकांना वाटलं काय झकास युक्ती केली आहे. ‘ओला माणूस’ बघायला झुंडी लोटल्या. दूर ब्राझीलमधल्या एका बाईनं विचारलं, तुमचा विक्रेता माझ्याशी काहीतरी बोलला, त्याचा अर्थ काय? बोललेलं तिनं जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत पाठवलं होतं. हेमांगीनं ते हळूहळू वाचलं.

‘भरती लागली का गो?’

होडी काढायच्या आधी गणराज माळ्याखालून हेच विचारायचा, आणि ती खिडकीतून खाडी बघून सांगायची. पुतळ्याला तिनं आवाज दिलेला नव्हता. हेमांगीच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्या काट्याखाली तिला आनंदही झाला. तो आहे, माझ्याशी बोलतोय, असं तिला वाटलं. ती दार लावून त्याच्याशी बोलत बसू लागली. तो मात्र तिच्याकडे वळेना. मागचं निळं पाणी दारात चढून त्याच्या कमरेला आलं, मग छातीला. मान वर करून, हनुवटी उचलून तो उभा राहू लागला.

त्या उचललेल्या हनुवटीनं तिचा बांध फुटला. पोहता येणारा माणूस शेवटी असाच उभा राहतो, हे कोळ्याच्या पोरीला कळत नाही होय? ती खाली आली. वेणूबाई तांदूळ निवडत होती.

"आई, तो बुडतोय," हेमांगी म्हणाली. "रोज बुडतोय. मीच धरून ठेवलंय त्याला."

वेणूबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि सुनेला जवळ ओढून घेतलं. दोघी पहिल्यांदाच एकत्र रडल्या.

ओहोटीची वेळ बघून खाडीवर दर्भाचा माणूस मांडला. हेमांगीनं खरा सदरा शिवला होता, अंगाला लागणारा. तो तिनं स्वतः त्याच्यावर घातला. गळ्याशी बटणही तिनंच लावलं. चिरागनं अग्नी दिला. गवत ते, भराभर जळालं. घरी येऊन अंघोळ करून ती ओल्या केसांनीच लॅपटॉपसमोर बसली. गणराजच्या ओठांपर्यंत पाणी आलं होतं. ‘कायमचं पुसायचं?’ असं पडद्यानं विचारलं. तिनं त्याच्याकडे एकदा पोटभर पाहिलं आणि हो म्हटलं. दार रिकामं झालं. कित्येक महिन्यांनी तिला पहिल्यांदा भूक लागली.

तेवढ्यात मृणालनं पाठवलेला एक फोटो आला. तिच्या तिकडच्या घरातही एक गणराज होता, कौतुकानं घेतलेला. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि पाय ओले होते. खाली मृणालनं लिहिलं होतं, ‘ताई, हा असा का वळला?’ हेमांगी बघते तोवर दुसरा आला, ब्राझीलच्या बाईचा. मग कुठल्याशा बर्फाच्या गावातला. मग एकामागून एक येतच राहिले. विकलेल्या पुतळ्याला हात लावायचा हक्क विकणाऱ्याला नसतो, ते जग तसंच आहे. तिचा हात फक्त तिच्या दारापुरता होता.

"हेमांगे," खालून वेणूबाईनं हाक मारली. आवाज कधी नव्हे इतका हलका होता. "सुटला का गो माजा पोर?"

हेमांगीनं पडदा मिटला. आत टिंग टिंग वाजतच होतं.

"व्हय आई," ती म्हणाली. "सुटला."

खाली वेणूबाईनं त्याचं ताट घासलं, पुसलं आणि फळीवर पालथं घातलं.