भज्याच्या कागदावरची बातमी

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. "गुरुजी, अभ्यासिकेच्या आठवणी लिहा की," असं कुणी म्हटलं की मी डोळ्यांचं निमित्त सांगायचो. आठवणी लिहायच्या म्हणजे ती मुलगी येणार, आणि ती आली की परीक्षेआधीचा तो आठवडाही येणार. तेवढा आठवडा गाळून दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा कागद फाडले. आता पंच्याहत्तरी उलटली. जे घडलं ते एकदा सांगून टाकतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. बरीचशी नोकरी अर्धापूरच्या बाजूला झाली, निवृत्त झाल्यावर नांदेडला राहायला आलो. तरुणपणी मीही राज्यसेवेची परीक्षा दिली होती आणि मुलाखतीपर्यंत जाऊन परत आलो होतो. आमच्या गल्लीत समाजमंदिराच्या माडीवर पोरापोरींची अभ्यासिका चालायची. तिथं मी रोज सकाळी जाऊन बसू लागलो आणि माझं काम माझं मीच ठरवून घेतलं: चालू घडामोडी.

सकाळी सातला मी घरचे तीन पेपर घेऊन गेलो की आमचं पेपरवाचन सुरू व्हायचं. सतरंजीवर सगळे बसत. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी टिपून घ्यायचं. पुढाऱ्यांची भांडणं सोडायची. समित्या, योजना, अहवाल, निवाडे धरायचे. कामाची बातमी मी कात्रीनं कापून वहीत चिकटवायचो आणि तिचं सार फळ्यावर एका ओळीत लिहायचो. महिन्याच्या शेवटी त्या सगळ्या ओळी सुवाच्य अक्षरात उतरवून काढायच्या आणि त्यांच्या झेरॉक्स वाटायच्या. त्याला पोरं 'गुरुजींचे कागद' म्हणायची. हे कागद एसटीनं लातूरलाही जायचे, तिथल्या दोन अभ्यासिकांत. त्यातल्या एका अभ्यासिकेचा चालक मला फोन करून म्हणायचा, "गुरुजी, आमची पोरं तुमच्या कागदात चुकी धुंडूलालीत. घावली तर तुमच्याकडून जेवण!" मी म्हणायचो, "उपाशी मरताल."

चूक सापडली तर काय करायचं, त्याचाही नियम होता आणि तो मीच केला होता. चूक काढणाऱ्यानं पुरावा आणायचा, मग फळ्यावर लाल खडूनं दुरुस्ती त्यानंच लिहायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझी चूक असली तर टाळ्या जरा जास्तच वाजत.

ती आली किनवटच्याही पुढच्या, जंगलातल्या एका गावातून. बौद्ध कुटुंब. वडील वनखात्यात रोजंदारीवर, आई आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. दोघी बहिणी हुशार, पण एका वेळी एकीनंच शहरात राहून शिकायचं असं घरात ठरलेलं होतं. हिची पाळी पुढच्या पूर्व परीक्षेपर्यंत. त्यात पास झाली तर मुख्य परीक्षेपर्यंत धाकटी थांबणार. नाही झाली तर जूनपासून धाकटी नर्सिंगला जाणार आणि ही घरी परतणार. हे तिनं पहिल्याच दिवशी गाडीची वेळ सांगावी इतक्या सहज सांगितलं.

"दीड वर्ष हाय माझ्याकडं, गुरुजी. बघू काय होते."

"आणि नाही झालं तर?"

"तर आईच्या हाताखाली पोळ्या लाटीन. तिच्या पोळ्या तशाबी वाकड्या होतात."

तिच्याइतकं चांगलं पेपरवाचन मी ऐकलं नाही. अर्थसंकल्पाची बातमीसुद्धा ती भावकीतलं भांडण सांगावं तशी वाचायची. "आता बघा, ह्या खात्याला दिलं आन् त्या खात्याचं तोंड वाकडं!" खोली हसायची आणि आकडा लक्षात राहायचा. माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू वाढत होता. बारीक अक्षर दिसेना झालं की ती माझ्या बाजूला येऊन बसायची, आणि आधी चष्मा काढून घ्यायची. "गुरुजी, काच पुसा. अक्षर कुठून दिसन, शेव चिकटून राहिली हिला." स्वतःच्या ओढणीनं पुसून परत द्यायची. मला लेक एकच, ती किल्लारीला दिलेली. त्यामुळे असं हक्कानं रागावणारं कुणी जवळ नव्हतं, आणि मला ते फार आवडायचं. तिनं माझ्या दोन चुका काढल्या होत्या, दोन्ही वेळा लाल खडूनं दुरुस्ती लिहिली होती, आणि दोन्ही वेळा मीच सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या होत्या.

तिसरी चूक निघाली परीक्षेच्या तीन आठवडे आधी. गावाकडून परत आली ती थेट माडीवरच आली, पाठीवर पिशवी तशीच.

"गुरुजी, ती गावतळ्यांची योजना दुसऱ्या मंत्रालयाकडं गेली. आपल्या कागदात जुनंच मंत्रालय हाय."

मी वही चाळली. योजना जाहीर झाली त्या दिवसाचं कात्रण होतं, त्यात जुनंच मंत्रालय. त्यानंतरचं काही नव्हतं.

"कुठं वाचलंस?"

ती जरा घुटमळली. "किनवट टेसनावर. भजे घेतले होते, त्या कागदावर."

खोलीत खसखस पिकली.

"मग कागद कुठाय?"

"तेलानं फाटला, गुरुजी. पण म्या वाचलं, खरंच. वरची ओळ पुरी होती."

इथं मी म्हणायला हवं होतं की थांब, शोधू. पण महिन्याचे कागद लातूरला जाऊन चार दिवस झाले होते. चाळीस जण माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "आम्ही तीन-तीन पेपर वाचून कागद काढतो, आणि तू भज्याच्या कागदावरून कलेक्टर होऊन राहिलीस काय?"

मी तिच्याच बोलीत तिला चिडवलं होतं. सगळे खदखदून हसले. तीही हसली, पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले. त्या दिवसापासून पोरं तिला 'भजी कलेक्टर' म्हणू लागली. "या कलेक्टरीणबाई, आज मिरचीचे का कांद्याचे?" ती म्हणायची, "कांद्याचे. मिरची तुमच्या तोंडात हाय."

परीक्षेला आठ दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. बायको स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरायला रद्दी काढत होती. मागच्या महिन्यात आम्ही तीन दिवस लेकीकडं किल्लारीला गेलो होतो, तेव्हा माडीवरचं पेपरवाचनही बंद होतं. त्या तीन दिवसांचे पेपर घडीसुद्धा न मोडता गठ्ठ्यात गेले होते. तिनं त्यातला एक उलगडला आणि मला आतल्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, चार ओळींची बातमी दिसली. गावतळ्यांची योजना दुसऱ्या मंत्रालयाकडं वर्ग. मोतीबिंदूच्या डोळ्यांनासुद्धा ती लांबून दिसली.

मी पान हातात घेऊन उभाच राहिलो.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. तिला भज्याची गोष्ट मीच हसत हसत सांगितली होती. मी बातमी दाखवली.

"अगं बाई! म्हणजे पोरगी खरी होती. उद्या सांगा तिला, बिचारी खूष होईल."

"सांगतो."

मी बातमी कापली, पण वहीत चिकटवली नाही. टेबलाच्या खणात, जुन्या पासबुकाच्या आत ठेवली. दुसऱ्या दिवशी माडीवर गेलो तेव्हा सराव परीक्षा चालली होती, म्हणून नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी लातूरच्या चालकाचा फोन आला, "गुरुजी, आवंदा चुकी नाही घावली बघा. हरलाव आम्ही." मी म्हणालो, "मग जेवण तुमच्याकडून." फोन ठेवल्यावर तर सांगणं आणखीच अवघड झालं. चौथ्या दिवशी मनाची समजूत काढली की शेकडो योजना आहेत, हीच कशाला विचारतील. आणि आता शेवटच्या दिवसांत दुरुस्ती सांगितली तर पोरांचा गोंधळ उडेल, असंही स्वतःला सांगितलं. तसा गोंधळ काही उडाला नसता. एक ओळ पुसून दुसरी लिहायची होती.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी ती केंद्रावरून सरळ माझ्या घरी आली. दारातूनच ओरडली, "गुरुजी, आला! गावतळ्याचा प्रश्न आला!"

मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. "काय लिहिलंस?"

"तुमचंच. दोन्ही पर्याय होते समोर. भज्याचं लिहू का गुरुजींचं लिहू, लई वेळ बघत बसले. मंग म्हटलं, गुरुजींनी तीन पेपर वाचले, आपण एक, अन् तेबी फाटका." ती हसत होती. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तशीच आत गेली.

काही दिवसांनी आयोगाची पहिली उत्तरतालिका आली. त्यात अर्थातच नवं मंत्रालय होतं. ती परत आली, ह्या वेळी जरा गंभीर.

"गुरुजी, आयोगाचं चुकलं असन का? हरकत घ्यायला मुदत हाय. तुमच्या वहीतलं कात्रण द्या, पुरावा जोडते. तुमच्या कागदावर लातूरचीबी पोरं अवलंबून हायेत."

मला खरं ठरवण्यासाठी ती माझ्याकडं पुरावा मागत होती. खण माझ्या पाठीमागं दोन हातांवर होता. मी म्हणालो, "बघतो, शोधून ठेवतो." ती दोनदा विचारायला आली. दोन्ही वेळा मी म्हणालो, "वही कुठं ठेवली, सापडली नाही गं अजून." मुदत संपली.

निकाल लागला. ती एका प्रश्नापेक्षाही कमी फरकानं राहिली. बरोबर लिहिलं असतं तर गुण मिळाले असते आणि चुकीच्या उत्तराचे कापलेही गेले नसते. हा हिशेब तिनं केला असणारच, पण माझ्यासमोर बोलली नाही. जाण्याआधी घरी आली. आईनं दिलेली चारोळीची पुरचुंडी बायकोच्या हातात दिली. "खिरीत घाला, काकू. जंगलातली हाय." मला वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जूनमध्ये धाकटी नर्सिंगला गेली.

पुढं तिनं आश्रमशाळेत शिकवलं, बाहेरून एम.ए. केलं, आणि काही वर्षांनी लातूरला एका शिकवणी वर्गात शिकवायला लागली. विषय चालू घडामोडी. हे मला तिनंच फोन करून सांगितलं. दर दिवाळीला तिचा फोन यायचा, पहिला प्रश्न ठरलेला: "चष्मा पुसला का?"

गेल्या वर्षी मी ठरवलं की आता बास. बायकोनंही धोशा लावला होता. ते कात्रण पाकिटात घातलं, सकाळची एसटी धरली आणि लातूरला गेलो. ती बसस्टँडवर घ्यायला आली. केस पिकायला लागलेत, चष्माही लागलाय. पण तिनं मला घरी नेलं नाही, थेट वर्गावर नेलं. शंभरेक पोरं-पोरी बसली होती. मला पुढं खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "हे माझे गुरुजी. पेपर कसा वाचायचा ते ह्यांनी शिकवलं."

मग तिनं भज्याची गोष्ट सांगितली. किनवट स्टेशन, तेलकट कागद, भजी कलेक्टर, सगळं. पोरं हसून लोळली.

"आता ऐका," ती म्हणाली. "बातमी खरी होती. गुरुजींच्या नजरेतून एक दिवसाचा पेपर सुटला, मोतीबिंदू होता त्यांना. चुकी कुणाचीबी होते. पण मी का हरले? स्वतः वाचलेल्यावर भरोसा ठेवला न्हाई म्हणून. आन् एक सांगते, गुरुजींना ती बातमी घावली असती ना, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी भर खोलीत चूक कबूल केली असती. असा माणूस हाय हा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, दोन शब्द बोला."

मी उठलो. पाकीट खिशात होतं. तिच्याकडं पाहिलं तर ती लेकीसारखी कौतुकानं बघत होती. मी पोरांना सांगितलं की रोज तीन पेपर वाचा. आणि खाली बसलो.

दुपारी तिनं जेवू घातलं, दोनदा आग्रहानं भात वाढला, संध्याकाळच्या एसटीत खिडकीजवळ बसवलं. बस निघेपर्यंत खाली उभी होती. मी काच सरकवून तोंड बाहेर काढलं. "काय राहिलं का, गुरुजी?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "न्हाई, काही न्हाई. जा आता, अंधार पडंल." घरी आल्यावर बायकोनं फक्त एवढंच विचारलं, "बोललात का?" मी चपला काढत राहिलो.

त्या खिडकीतून जे बोलायचं होतं, ते हे होतं:

पोरी, पेपर नजरेतून सुटला होता हे खरं. पण तो मला परीक्षेच्या आठ दिवस आधी सापडला. तू खरी आहेस हे मला कळलं होतं, आणि चाळीस जणांपुढं खाली बघावं लागेल म्हणून मी तुला सांगितलं नाही. तू कात्रण मागायला आलीस तेव्हाही खोटं बोललो. तू हरली नाहीस. तुझी पाळी मी घालवली. मला माफ कर.