गाडीची खांदेमळण

आमचा पिकअप डावीकडं जायचा. नेहमी नाही, मनात आलं की. सिरसाळ्याहून सरकी पेंड भरून निघालो की आबा, म्हणजे माझे वडील, स्टेअरिंग सरळ धरून बसायचे आणि गाडी हळूच कडेच्या बाभळींकडं सरकायची. ते उजवीकडं वळवायचे, तर ती पार पलीकडं निघायची. आबांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांनी उभा जन्म बैल हाकले. "खोड असती एकेकाला," म्हणायचे, "सांभाळून घ्याचं."

एकदा केजच्या रस्त्याला समोरून एसटी आली. आम्ही तिला इतके चिकटून गेलो की मी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. पुढं जाऊन गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "आबा, तुमच्या हाताला काय झालंय?"

त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "कळंना," म्हणाले.

मलाही कळेना. गाडी बिघडली म्हणावं, तर मिस्त्रीनं ती रिकामी फिरवून आणली आणि सांगितलं, "स्टेअरिंग इतकं ढिलं असतंच." मी हट्टच धरला म्हणून त्यानं पुढची चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे सांधे बदलले. काडीचा फरक पडला नाही. मग आबांचे हातच थकले म्हणावं, तर हेच हात सकाळी म्हशीची धार काढायचे आणि एक थेंब बादलीबाहेर सांडत नव्हता.

पुण्याहून थोरल्या भावाचा फोन आला. तो म्हणाला, "गाडी नीट हाय म्हणतोय ना मिस्त्री? मग आबांची चावी काढून घे. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही." मला त्याचा भयंकर राग आला. लांब बसून न्याय द्यायला काय जातंय! पण चावी मी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ते आपणहून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले, मांडीवर डबा घेऊन. त्या बाजूला बसलेले आबा मला ओळखूच येईनात.

मग गाडी मी चालवू लागलो आणि गोंधळ आणखी वाढला, कारण ती माझ्या हातातही झुलायची. पण मी पडलो कच्चा ड्रायव्हर. वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. हळूहळू मीही जास्तीचं वळवून सांभाळायला शिकलो.

हिवाळा सरता सरता परळीच्या रस्त्यावर एका खड्ड्यात गाडी आदळली. त्यानंतर मी स्टेअरिंग फिरवतोय आणि चाकं सरळच! कशीबशी कडेला घेतली. मी घाबरून बसलो होतो. आबा मात्र उतरले, डोईचा पटका सोडून खाली अंथरला आणि गाडीखाली सरकले.

"तू वरून हालीव. थोडं थोडं."

मी हलवत राहिलो. खाली ते एकेका दांडीवर, एकेका सांध्यावर तळवा ठेवत होते, म्हशीच्या पोटातलं रेडकू चाचपावं तसे. मग म्हणाले, "खाली ये. मी हालीवतो, तू हात लाव."

मी हात लावला. स्टेअरिंगचा बॉक्सच चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, हलत होता. वरून फिरवलं की आधी तो जागा सोडायचा, मग कुठं चाकाला कळायचं. त्याचे बोल्ट ढिले झाले होते आणि त्यांच्यावर पिवळट तेलाचा चिकट थर होता. बोटाला हळदीचा वास आला.

रोग रेड्याला अन् औषध पखालीला! पिकअप घेतला तेव्हा बैल विकले होते. तेव्हापासून दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबा गाडीची खांदेमळण करायचे. बैलाचा खांदा जसा हळद-तुपानं चोळतात, तसं तेलात हळद कालवून गाडीच्या खांद्याला चोळायचे. खांदा कुठला, तर पुढच्या चाकामागचं हे लोखंड. आधी पान्यानं बोल्ट सैल करायचे, तेल आत मुरावं म्हणून, आणि मग हातानं बेताचे आवळायचे. जनावराला फार आवळू नये म्हणून.

"मीच की रं चोळलं हे," आबा पुटपुटले. त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं. मला हसू आलं आणि रडूही.

पान्यानं जमेल तेवढं आवळून आम्ही रांगत सिरसाळ्याला आलो. मिस्त्रीनं नवे बोल्ट घालून बॉक्स पक्का बसवला. निघताना आबा सवयीनं डावीकडं जाऊन बसले, आणि मीही सवयीनं उजवीकडं.

गावाबाहेर पडल्यावर बाभळी दिसल्या आणि माझे हात आपोआप उजवीकडं वळले, रोजच्यासारखे, जास्तीचे. गाडीनं या वेळी लगेच ऐकलं. ती एकदम रस्ता ओलांडून गेली. मी दचकून डावीकडं ओढली, तर बाभळीच्या काट्या काचेवर घासल्या.

आबांनी समोरचा दांडा घट्ट धरला होता. ते माझ्या हातांकडं बघत होते, खरोखरच काळजीनं.

"तुज्या हाताला काय झालंय रं?"

मी गाडी उभी केली, खाली उतरलो आणि त्यांच्या बाजूचं दार उघडून चावी त्यांच्यापुढं धरली.