अडीचवरून सव्वादोन

रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी सत्यभामाबाई दोन्ही हात कोमट पाण्याच्या पितळी पातेल्यात बुडवून बसायची. डोळे अर्धे मिटलेले, बोटं पाण्यात सैल सोडलेली. बोटं मऊ झाली की मगच बांगड्यांच्या माळा खांद्यावर घ्यायची. कासारणीचा हात खरखरीत असला तर काच बोचते, असं तिचं म्हणणं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. अमडापूरहून ती आसपासच्या गावांत फिरे. बायकांची नावं ती कधी विसरे, मनगटं नाही. हात हातात आला की तिला जणू गोड गुंगी चढे. समोरची बाई सुखदुःख सांगत राही आणि काच मुठीवरून अलगद उतरत जाई.

त्या संक्रांतीच्या आदल्या दुपारी ती उंद्रीत रुखमाबाईच्या ओसरीवर बसली होती. माळांमधून गळणारं ऊन भिंतीवर हिरवं हिरवं हलत होतं. रुखमाबाईच्या दोन्ही सुनांना पावसाळ्यापासून पोटाची एकच तक्रार. मुरडा, जुलाब, चार घास खाल्ले की परसाकडे धाव. दोघींची बेंबी बसवून झाली, बेलफळ झालं, ताकही झालं.

"थोरली कण्हली का धाकटी कण्हते," रुखमाबाई म्हणाली. "थोरलीले आता डाक्टराकडे न्या लागते. धाकटीचं निस्तं पाहून करणं हाय."

थोरली, अन्नपूर्णाबाई, विव्हळतच पुढे सरकली. तिचं माप लग्नापासून अडीचचं. आजही बांगडी साबण लावूनच चढली.

"पोट झोपीतून उठवते का तुले?" सत्यभामाबाईनं विचारलं.

"नाही व मावशी. पडली का मेल्यावानी झोपते. सकाळी उठली का मंग चार चकरा. अन् आत्याबाई बोलल्या का आनखी दोन."

ओसरीवर हशा उठला. रुखमाबाईही पदराआड हसली.

मग धाकटी पुष्पाबाई बसली. सत्यभामाबाईनं तिचा हात उचलला, तशी दिवाळीत भरलेली बांगडी आपोआप ओघळून तिच्या मांडीवर पडली.

सत्यभामाबाई थांबली. दिवाळीत हाच हात धरून ती म्हणाली होती, "नवरीवानी नाजूक झाली व तू!" आणि अडीचऐवजी सव्वादोनचं माप कौतुकानं चढवलं होतं. आता तेही सैल. शिवाय थंडीच्या दुपारी तळहात तापलेला.

"तुले उठवते का?"

"हाव. दोन-तीन खेपा. रोज." पुष्पाबाई दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं बोलली.

एकीचं दुखणं तिच्यासोबत झोपी जात होतं. दुसरीचं तिच्या उशाशी जागत होतं.

सत्यभामाबाईनं माळा आवरल्या. "या हातात आज बांगड्या भरत नाही. आधी हिले बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. हिचं पोट हिले खाऊन राह्यलं."

"संक्रांतीले सवाष्णीचा हात तसाच ठेवतं?" रुखमाबाई भडकली. "कासारीण हायस का डाक्टरीण?"

"कासारीणच. म्हणून तं दिवाळीत चुकली. हात झिजला अन् मी गोडवे गायले."

दारात उभा असलेला पुष्पाबाईचा नवरा सहदेव तिच्या त्या मोकळ्या मनगटाकडे बघत राहिला. संक्रांत झाल्या झाल्या त्यानं दोघींना एस.टी.त बसवलं. थोरलीच्या तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टरांनी वेळेवर जेवायला आणि मनाला लावून न घ्यायला सांगितलं. धाकटीच्या आतड्यांना क्षय झाला होता. सुया आणि गोळ्या वर्षाहून जास्त चालल्या.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात सत्यभामाबाईचं फिरणं दम्यानं थांबलं होतं. अमडापूरच्या बाजाराला आलेली पुष्पाबाई तिच्या घरी गेली आणि तिनं हात पुढे केला. सत्यभामाबाईनं पुन्हा भरलेलं मनगट दाबून पाहिलं, बराच वेळ धरून ठेवलं. गोडवे मात्र गायले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामाबाई उठलीच नाही; झोपेतच गेली. आदल्या दिवशी पुष्पाबाई निघाली तेव्हा सत्यभामाबाईनं चुलीजवळूनच हाक मारली होती,

"थांब व, भाकर खाऊन जाय. ठेचा तेवढा नको घेऊ."