अंगण टाळजो

आमच्या धारच्या दाईची ओळख आधी तिच्या अंगठ्याशी व्हायची. आल्या आल्या ती बाळंतिणीच्या नडगीवर अंगठा रुतवायची आणि पडलेला खळगा भरून येईतो टक लावून बसायची. लगेच भरला तर नुसतं "हूं." नाही भरला तर, "उठ, लाडी!" लाडी म्हणजे माळव्यातली सून.

मी तेव्हा अठरा वर्षांची, पुण्याहून लग्न होऊन आलेली. माळवी माणसं मराठीच बोलतात, फक्त अशुद्ध बोलतात, असं माझं ठाम मत होतं. अशी मतं त्या वयात फार स्वस्त पडतात.

पहिल्या खेपेला दिवस भरत आले तसे माझे पाय लोडासारखे सुजले, डोकं ठणके, डोळ्यांपुढे काजवे चमकत. हल्लीचे डॉक्टर याला रक्तदाब म्हणतात. आम्ही 'सूज' म्हणायचो आणि गप्प बसायचो. बाळंत होताना मला झटका आला. दाईनंच सावरलं. मुलगी धडधाकट होती, मीही वाचले. पण पुन्हा झटका येईल या धास्तीनं पाय खाटेखाली ठेवीना.

बाराव्या दिवशी अंगठा रुतवून ती म्हणाली, "लाडी, अब रोज आंगन टेलजो." आणि दुसऱ्या बाळंतपणाला सरदारपूरकडे निघून गेली.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना मी मोठ्या विद्वत्तेनं अर्थ सांगितला, "दाई म्हणते, अंगण टाळ."

"मग मी काय वेगळं सांगते? वारं लागेल," सासूबाई खूश झाल्या.

दहा दिवसांनी दाई आली. मी उभी राहिले, ती भिंत धरूनच. ती दचकली.

"आंगन टेली के नी?"

"अगदी कसोशीनं टाळलं, दाई! उंबरासुद्धा ओलांडला नाही."

टेलजो म्हणजे फेऱ्या मार, हे कळायला तिचं पोट धरून हसणं संपावं लागलं. मग ती एकाएकी थांबली.

"म्हारी बेन बी यूंज पडी री थी," ती हळूच म्हणाली, "फेर उठी नी." तिची बहीण अशीच पडून राहिलेली, ती पुन्हा उठलीच नाही. मग सासूबाईंकडे वळून, "बई, सवा महिने देवी के जाओगा नी? या लाडी पगे-पगे चढेगी."

देवीचं देऊळ टेकडीवर, आणि मी पायी चढायची! सासूबाईंनी डोली सांगूनही ठेवली होती.

त्या दिवसापासून तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी उंबऱ्यापर्यंत, मग तुळशीपर्यंत, मग विहिरीपर्यंत. चालताना मुक्यानं चालायचं नाही.

"चुगली कर. सासू की. चुगली टूटी ने बेठ जा."

म्हणजे बोलता बोलता धाप लागली की थांबायचं. पण सासूबाई दारातच वाती वळत बसलेल्या! मी त्यांचं कौतुक करू लागले. ते तुळशीच्या अलीकडेच संपलं.

"दम गयो?" दाईनं विचारलं.

"दम आहे. मजकूर संपला."

सासूबाईंनी वात मोडली, पण हसल्या, ते मी पाहिलं.

एकदा डोकं दुखत असूनही मी लपवलं. विहिरीपर्यंत जाऊन दाखवायचं होतं ना! बोलणं अडखळताच तिनं खांदे दाबून मला पायरीवर बसवलं. "माथो दुखे तो बोलजे. म्हारे राजी करवा के वास्ते मत चाल." दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात. मी रडले. ती ढिम्म.

सवा महिन्यानं डोली दाराशी आली. मी मुलीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, दोघींना डोलीत बसवलं आणि दाईबरोबर पायी निघाले. चार ठिकाणी टेकले, पण चढले. शेवटच्या वळणावर तिनं विचारलं, "अब किकी चुगली?"

"तुझी!"

देवीसमोर तिनं आधी नडगीवर अंगठा रुतवला. खळगा पडलाच नाही. "हूं," ती म्हणाली आणि मग हात जोडले.

पुढे रस्त्यात कुठं भेटली तरी ती लांबूनच शुद्ध मराठीत ओरडायची, "अंगण टाळलं का?"

ती जाऊन आता खूप वर्षं झाली. आमच्या घरात मात्र अजून कुणी फिरायला जात नाही. सगळे 'टाळायला' जातात. नातसून नुकतीच बाळंत झाली आहे, तिलाही सूज होती. डॉक्टरीणबाईंनी चालायला परवानगी दिली, तशी आज सकाळी मी तिला म्हटलं, "ऊठ, लाडी. चुगली कर."

ती लाजली. "कुणाची, आजी?"

मी दारात वळत होते त्या वाती उचलल्या आणि आत जाऊन बसले.