दगडूआबांचं वय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वडगाव रासाईत कुणाचा यावर विश्वास बसायचा नाही—माझं तोंड म्हणजे बिनदाराचं घर. भीमेतली मगर मी नुसती शिवी हासडून पळवली होती, ही माझी सगळ्यात धाकटी थाप. पण आज थाप नाही. की थापच? सुरुवात तर तिथूनच झाली.

दारिद्र्यरेषेचा सर्व्हे आला तेव्हा घरं दाखवायला मी ग्रामसेवकाबरोबर फिरत होतो. दगडूआबांना वय विचारलं. आबा डोकं खाजवत म्हणाले, "लई झालं आसंल की." जन्माचा कागद कुणाकडं होता? शेजारी सांगेल ते वय.

मी म्हणालो, "लिवा ऐंशी! भीमेला पहिलं पाणी आलं तवा आबा काठावर बिडी वढत हुतं."

सगळे हसले. आबासुद्धा. ग्रामसेवकानं हसत हसत ऐंशी लिहिलं.

आबा साठीचे होते. मला पक्कं ठाऊक होतं—माझा थोरला भाऊ आणि ते एकाच भोपळ्यावर पोहायला शिकलेले.

दोन-तीन वर्षांनी योजना आली. गरिबांचा दवाखान्याचा विमा, हप्त्याचा मोठा वाटा सरकारचा. मात्र वय सत्तरीच्या आत हवं, आणि वय धरणार सर्व्हेच्या यादीतलं. आबांना अंतर्गळ होता, म्हणजे हर्निया. पोटाला धोतर आवळून, वाकून चालायचे. दौंडच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलेलं. विमा मिळाला तरच होणार होतं ते.

गावची जीप भरून आम्ही शिरूरला गेलो. वाटेत मी सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं. कचेरीत क्लार्कनं यादी पाहिली, आबांना पाहिलं. "हे ऐंशीचे वाटत नाहीत. कुणी सांगितलं वय? चुकलं असेल तर त्यानं तसं लिहून द्यावं, दुरुस्त करू."

पेन टेबलावर होतं. दोन ओळींचं काम. पण मागं अख्खी जीप उभी होती—जी माझ्या गोष्टींना हसायची, ती आता मला हसणार? आणि सरकारी कागदावर खोट्याची कबुली, खाली माझी सही?

मी म्हणालो, "आबांनीच सांगितलं, सायेब."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग क्लार्कला म्हणाले, "व्हय. म्याच सांगितलं आसंल. म्हाताऱ्याच्या कुठं ध्यानात ऱ्हातंय." ज्याचं वय त्याचाच जबाब चालत नव्हता; क्लार्कनं आबांचा अर्ज परत दिला.

परतीला मी पुन्हा मगरीची गोष्ट सांगितली. सगळे हसले. हसायच्या जागी आबांनीही मान हलवली—मला बरं वाटावं म्हणून?

पुढच्या उन्हाळ्यात अंतर्गळ अडकला. दौंडच्या वाटेवरच आबा गेले. माझा भाऊ त्याआधीच गेलेला. खरं वय ठाऊक असलेला गावात मी एकटाच उरलो. अजून माणसं भोवती जमतात, हसतात. मधोमध बसलेला मी—त्यांच्यात नसतोच.

दहाव्याला नदीवर आबांची बायको रडत होती. बायका समजावत होत्या, "ऐंशी वर्सं म्हंजी सोनं झालं, बाई. पिकलं पान. रडू नगं." तिनं लाज वाटल्यासारखा पदर तोंडात धरला. रडणं थांबवलं. कुणीतरी माझ्याकडं वळून म्हणालं, "काय आप्पा, खरं ना?"

मी म्हणालो, "व्हय. भरपूर जगलं."