बिघडलेला हिरवा

त्या दुपारी त्यानं माझी भाकरी मोडून दिली. एकत्र जेवलो ते तेवढंच शेवटचं.

माझी बोटं फुटली होती. सुताच्या रंगाईच्या कारखान्यात महिनाभर मला ब्लिचिंगवर टाकलं होतं, त्या पाण्यानं कातडं निघतं. चटणी लागली की डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून तोच भाकरी मोडायचा, कुस्करायचा, शेंगाचटणीत तेल घालून माझ्यापुढं सरकवायचा. तो रंगमिस्त्री. घरी तेलुगू बोलायचा. मी त्याला अण्णा म्हणायचो. मी मोहोळकडचा, म्हणून तो मला पाव्हणं म्हणायचा. अकरा वर्षं एका गावात राहून, एका लिंबाखाली जेवून मी पाव्हणाच.

ते दुष्काळाचं साल होतं. आमच्या वस्तीला एकच विहीर उरली होती. बायको त्या पाण्यात माझी पांढरी टोपी धुवायची आणि टोपी हिरवट व्हायची. ती मला बोलायची, रंगाचे हात डोक्याला लावता, अक्कल नाही. मीही ऐकून घ्यायचो. मग एकदा लक्षात आलं, महिना झाला मी रंगाला हातच लावलेला नाही.

शाळा मी दोन यत्ता शिकलो, पण सूत मला कळतं. पांढऱ्या सुताची एक लडी घरी आणली, विहिरीच्या पाण्यात मीठ टाकून उकळली. सुतानं रंग धरला. फिका, पण धरला.

जेवण झाल्यावर ती लडी मी खिशातून काढून अण्णाला दाखवली. त्याचा संशय मला नव्हता. उलट त्याला विचारावं, शेजारच्या कुठल्या कारखान्याचा रंग असेल ते तो सांगेल, एवढंच मनात होतं. रंगाच्या छटा ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं लडी उन्हात धरली, उलटी केली, आणि हसून म्हणाला,

"आरं, ह्यो तर माझा बिघडलेला हिरवा."

मागच्या हप्त्यात त्याचा एक हौद बिघडला होता. मोरपंखी व्हायचा तो शेवाळासारखा झाला. त्यात सुताचा एक धागा बुडवला नव्हता, सगळा रंग तसाच टाकून दिला होता. टाकायला तोच गेला होता. भट्टी पेटवायला सगळ्यांच्या आधी तोच यायचा.

"कुटं घावलं तुमाला?" तो म्हणाला.

"आमच्या हिरीत."

त्याचं हसू गेलं. मग तो खाली बघून बोलत राहिला. नाल्याला पाणी नाही, रंग बंगल्यांपुढं साचतो, लोक ओरडायला लागले. शेठ म्हणाला, कारखान्यामागच्या कोरड्या आडात ओत आणि कुठं बोलू नको. आड कोरडा, कुणाला काय कळतंय, असं अण्णाला वाटलं. खालून झरा कुठं जातो हे कुणी बघितलं होतं?

"आता बघितलंस की," मी म्हणालो.

"मग काय करू? मला काढलं तर दुसरा वतंल."

"अण्णा, त्याच पाण्यात माझी बायको पीठ मळती. आत्ता तू मोडलीस ती भाकरी त्याच पाण्याची हाय."

त्यानं हाताकडं बघितलं. बोटांना पीठ होतं. ते त्यानं धोतराला पुसलं आणि उठून गेला. त्या दिवसानंतर तो भट्टीपाशी एकटाच जेवायचा. मी लिंबाखाली, माझी भाकरी मीच मोडून.

बायको जाऊन आता आठ महिने झाले. त्या पाण्यानं गेली असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाला नाही. म्हातारी झाली होती. पण टोपीचं खरं मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती अण्णाच्या दारात जाऊन उभी राहिली असती. म्हणून ती बोलत राहिली, मी हात धूत राहिलो. आता टोपी मीच धुतो. नळाचं पाणी, पांढरी फेक निघते. बोलायला कोण नाही.

लडी दाखवली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी गिरणीच्या भोंग्याआधी उठलो. तीच हिरवट टोपी घातली आणि कारखान्यामागं जाऊन त्या कोरड्या आडाच्या काठावर पाय आत सोडून बसलो. उजाडताना हातगाडी वाजली. गाडीवर पिंप, मागं अण्णा. दहा पावलांवर थांबला. पाव्हणं म्हणाला नाही. मग त्यानं गाडी वळवली आणि लांबच्या नाल्याकडं ढकलत नेली. पिंप भरलेलं, चढ होता. पूर्वी नाल्याकडं जाताना मागनं हात लावायला मी असायचो.

मी जागचा उठलो नाही. भोंगा होईस्तवर तिथंच बसलो.